नव्व्याण्णव रुपये मागायला लाज कसली?

मराठीत एखादं छोटं ॲप करायला घेतलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. फुकट ठेव, जाहिराती टाक, आपली माणसं ॲपसाठी पैसे देत नाहीत. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो आणि त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये विकत घेतलेलं एकही ॲप नसतं, त्यामुळे तो प्रामाणिकही असतो. तरी तो चुकीचा आहे असं माझं मत आहे. पंचांग, आरतीसंग्रह, शब्दकोश, भिशीचा हिशेब, लोकलचं वेळापत्रक, मुलांची बाराखडी असली ॲप एक-दोन माणसं नोकरी सांभाळून करतात. मागे गुंतवणूकदार नसतो. अशा ॲपने सरळ किंमत लावावी. जाहिरात घ्यायचीच असेल तर ती स्वतः मिळवून आणावी, गूगलसारख्या कंपन्यांच्या आपोआप जाहिराती पुरवणाऱ्या जाळ्याला ॲपचा पडदा भाड्याने देऊ नये.

गणपतीतलं एक दृश्य घ्या. पहिल्या दोन आरत्या सगळ्यांना पाठ असतात. विठ्ठलाच्या आरतीचं तिसरं कडवं आलं की आवाज खाली येतो आणि कुणीतरी फोन काढतं. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात आरतीसंग्रहाचं ॲप. पान सरकवलं की पडदाभर कर्जाची जाहिरात येते, पाच मिनिटांत दोन लाख, कागदपत्रं नकोत. बंद करायची फुली कोपऱ्यात, मुगाच्या डाळीएवढी. बोटाला कुंकू लागलेलं, बोट फुलीच्या शेजारी पडतं, प्ले स्टोअर उघडतं आणि तोवर मंडळी ‘घालीन लोटांगण’पर्यंत पोचलेली असतात. जाहिरातदाराच्या हिशेबी हा एक यशस्वी क्लिक झाला. ॲप करणाऱ्याच्या खात्यात त्याचे पैसेही पडले. ज्याच्यासाठी ॲप केलं त्याचं काम तेवढं झालं नाही.

अनपेक्षितपणे पडदा अडवणाऱ्या जाहिराती चालणार नाहीत असा नियम गूगलने प्ले स्टोअरवर ३० सप्टेंबर २०२२ पासून लावला आहे. नियम चांगला आहे. पण दोन पानांच्या मध्ये, ‘काम संपल्यावर’ दाखवलेली जाहिरात त्यात बसवता येते, आणि आरतीचं पान कुठे संपतं हे ॲप करणाराच ठरवतो.

आता पैशांचं बोलू, कारण खरा वाद तिथे आहे. पुढचे आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. समजा, तुमचं ॲप रोज दोन हजार जण उघडतात. एकट्याने केलेल्या मराठी ॲपसाठी हा आकडा लहान नाही. प्रत्येकाने पाच पानं बघितली तर रोज दहा हजार वेळा जाहिरात दिसली. तळाच्या पट्टीतल्या जाहिरातीला हजार वेळा दिसण्याचे वीस रुपये धरले तर दिवसाचे दोनशे, महिन्याचे सहा हजार. ॲडमॉबमध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरातींच्या जाळ्यात, शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत, म्हणजे पैसे येणार एक महिना सोडून एक.

दुसरीकडे तेच ॲप नव्व्याण्णव रुपयांना विका. अठरा टक्के जीएसटी बाजूला काढला तर त्र्याऐंशी रुपये नव्वद पैसे उरतात. गूगल आणि ॲपल दोघांचाही तीस टक्क्यांचा कट छोट्यांसाठी २०२१ पासून पंधरा टक्क्यांवर आला आहे. गूगलवर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईवर, ॲपलवर वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांना. तो वजा जाता हातात एकाहत्तर रुपये. सहा हजारांसाठी महिन्याला पंचाऐंशी गिऱ्हाइकं लागतात, दिवसाला तीनसुद्धा नाहीत.

इथे कुणीही बरोबर हरकत घेईल. गिऱ्हाईक एकदाच पैसे देतं, जाहिरात रोज देते. मान्य. पण रोज देण्यासाठी जाहिरातीची एक अट असते, माणसाने ॲप रोज उघडलं पाहिजे आणि त्यात रेंगाळलं पाहिजे. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. चांगलं पंचांग म्हणजे ज्यात तिथी, नक्षत्र, राहुकाळ एका नजरेत दिसतो आणि चार सेकंदांत फोन खिशात जातो. जाहिरातीवर चालणाऱ्या पंचांगाला हे परवडत नाही. मग तिथी एका पानावर, चंद्रोदय दुसऱ्यावर आणि मुहूर्त तिसऱ्यावर जातो. सकाळी सात वाजता ‘आजचा दिवस तुमच्यासाठी खास, उघडून बघा’ असा निरोप येतो. वर्षभरात त्यात राशिभविष्य, अंकशास्त्र आणि सुविचारांचे फोटो येऊन बसतात, कारण लोक त्यावर थांबतात. प्रत्येक बदल करताना करणाऱ्याकडे रीतसर कारण असतं आणि तो माणूस वाईटही नसतो. एका कोपऱ्यात पट्टी लावू, बाकीचं ॲप आहे तसं राहील, असं ठरवून सुरुवात करणारे खूप असतात. तसं फार काळ राहिलेलं ॲप मी क्वचितच बघितलं आहे.

शिवाय काय दाखवायचं हे तुमच्या हातात फारसं राहत नाही. नको ते विषय बंद करायची सोय असते, पण जो विषय बंद कराल त्याचे जाहिरातदार तुमच्या जागेसाठी लागणाऱ्या बोलीतून बाहेर पडतात आणि कमाई घसरते. कितीतरी वर्षं आपल्याकडे छोट्या ॲपमध्ये दिसायचे ते झटपट कर्जवाले आणि रमीवाले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली. कायद्याचं स्वागतच आहे. पण आजीच्या स्तोत्रांच्या ॲपमध्ये रमी दाखवायची की नाही हे ठरायला संसदेची वाट बघावी लागावी, यावरूनच त्या ॲपवर मालकी कुणाची होती ते कळतं.

आणखी एक गोष्ट नवख्यांना उशिरा कळते. स्वतःच्या ॲपमधल्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करायचं नसतं, आणि घरच्यांनीही मदत म्हणून करायचं नसतं. मामा, काकू, कॉलेजचा ग्रुप यांनी कौतुकाने धडाधड क्लिक केले तर ते बनावट धरले जातात आणि खातं बंद होऊ शकतं. दाद मागायला अर्ज असतो, समोर माणूस नसतो. नव्व्याण्णव रुपये देऊन ॲप घेणाऱ्या काकूंमुळे असं काही घडत नाही.

‘आपली माणसं पैसे देत नाहीत’ या वाक्याकडे येऊ. पैसे मागितले की रुसणारे फक्त आपलेच नसतात. लंडनच्या अस्टू कंपनीचा मॉन्युमेंट व्हॅली हा खेळ २०१४ साली चार डॉलरला आला आणि जगभर नावाजला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी नवीन पातळ्या दोन डॉलरला दिल्या, तर पैसे का मागता म्हणून लोकांनी एक-एक तारा देऊन राग काढला. हे आयफोनवाले, डॉलरमध्ये कमावणारे लोक. अँड्रॉइडवर तर तो खेळ ज्या फोनांत होता, त्यांतल्या जेमतेम पाच टक्के फोनांत तो विकत घेतलेला होता, हे कंपनीनेच पुढे जाहीर केलं. तरीही खेळाने खर्चाच्या कितीतरी पट पैसे मिळवले. फुकटे असतातच, त्यांना धरून हिशेब करायचा नसतो.

आपल्याकडची अडचण बरीच वर्षं कंजूषपणापेक्षा पैसे देण्याच्या रस्त्याची होती. व्हॉट्सॲपचं आठवा. पहिलं वर्ष फुकट, नंतर वर्षाला एक डॉलरच्या आसपास, अशी त्याची अधिकृत किंमत होती. ‘हा मेसेज दहा जणांना पाठवा नाहीतर व्हॉट्सॲपला पैसे पडतील’ ही अफवा घराघरात फिरली ती त्याच काळात. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने ही वर्गणी रद्द केली आणि कारण सांगितलं की पुष्कळ लोकांकडे डेबिट किंवा क्रेडिट कार्डच नाही. तीन महिन्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, आपल्याकडे यूपीआय सुरू झालं. व्हॉट्सॲप तोवर फेसबुकच्या घरात गेलेलं होतं, त्यामुळे वर्गणी ठेवली असती तरी ते जाहिरातींपासून वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये त्याच्या ‘अपडेट्स’ टॅबमध्ये जाहिराती येणार असल्याचं जाहीर झालंच. पण वर्गणी रद्द करताना दिलेलं कारण आज उरलेलं नाही. भाजीवाल्याला दहा रुपये स्कॅन करून देणारा माणूस ॲपला शंभर देताना अडतो तो रस्ता नाही म्हणून नव्हे. आपण कधी मागितलेच नाहीत आणि मागण्याजोगं काही त्याला दाखवलं नाही, म्हणून.

जाहिरात आणि किंमत यांच्यात वर्षानुवर्षं चाचपडलेल्या एका माणसाचं उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. अमेरिकेतला मार्को आर्मेंट. ओव्हरकास्ट नावाचं पॉडकास्ट ऐकायचं ॲप तो एकट्याने चालवतो. २०१४ मध्ये ते आलं तेव्हा उतरवून घ्यायला फुकट होतं, सगळ्या सोयी हव्या असतील तर एकदाच पाच डॉलर. २०१५ मध्ये त्याने सगळं खुलं केलं आणि ज्यांना वाटेल त्यांनी वर्गणी द्यावी असं म्हटलं. वर्षभरात ते बदलून पैसे न देणाऱ्यांना गूगलच्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली, त्या नको असतील तर वर्षाला दहा डॉलर. आणि २०१७ मध्ये गूगलच्या जाहिराती काढून टाकून स्वतःची व्यवस्था केली. ॲपमधली छोटीशी जागा पॉडकास्टवालेच विकत घेतात. ऐकणाऱ्याला दिसतं ते दुसऱ्या एखाद्या पॉडकास्टचं नाव आणि चित्र. त्यासाठी कुणाचा माग काढावा लागत नाही, आणि जे दिसतं ते ऐकणाऱ्याच्या कामाचंही असू शकतं. गंमत अशी की याच माणसाने सप्टेंबर २०१५ मध्ये जाहिराती अडवणारं ॲप तीन डॉलरला काढलं होतं. ते विक्रीत पहिल्या नंबरला गेलं आणि सगळ्यांच्याच जाहिराती सरसकट अडवणं मनाला पटेना म्हणून त्याने दोन दिवसांत मागे घेतलं. म्हणजे तो जाहिरातींचा हाडवैरी नव्हे. जाहिरात कुणी निवडायची, एवढाच त्याचा मुद्दा.

मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली, आणि तेव्हापासून आजपर्यंत दिवाळी अंक किंमत आणि जाहिरात या दोन पायांवर उभा आहे. १९७३ पासूनचं कालनिर्णयही तसंच, विकतही घ्यायचं आणि त्यावर जाहिरातीही असतात. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. अंकातली सराफाची जाहिरात आपल्या पानावर गप्प बसते, कथेच्या मध्ये उडी मारत नाही आणि वाचणारा कोण, काल त्याने काय विकत घेतलं हे तिला ठाऊक नसतं. ती मिळवायला संपादक स्वतः पेढीच्या पायऱ्या चढलेला असतो, त्यामुळे काय छापायचं नाही हेही तोच ठरवतो.

ॲपमध्ये हे करता येतं. आरतीसंग्रहाला श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत एकच प्रायोजक, उघडताना एक स्थिर चित्र, ॲपमध्येच भरलेलं, बाहेरून काही ओढून आणणारा कोड नाही. चित्र पुण्याच्या पूजासाहित्याच्या दुकानाचं असेल किंवा कोकणातल्या मोदकवाल्यांचं. न्यू जर्सीत गणपती बसवणाऱ्यांना तिथल्या मराठी केटररचं दाखवा. वर्षाला दहा-पंधरा हजार देणारा एक प्रायोजक दोन-तीन महिन्यांच्या पट्टीच्या कमाईएवढा होतो. प्ले स्टोअरवर ‘जाहिराती आहेत’ असं सांगावं लागेल, ते सांगावं. या कामात मजा नाही हेही खरं. फोन करावे लागतात, ‘साहेब बाहेर गेलेत’ ऐकावं लागतं, बिलं करावी लागतात आणि पैसे तुळशीचं लग्न झाल्यावर येतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा तीन ओळींचा कोड चिकटवणं सोपं वाटतं, आणि बहुतेक ॲपमध्ये जाहिराती येतात त्या याच आळसामुळे, अर्थशास्त्रामुळे नाही.

किंमत लावली की गरीब माणूस बाहेर राहतो, ही हरकत मला सगळ्यांत गंभीर वाटते. त्यामुळे मूळ काम फुकट ठेवावं असंच मी म्हणेन. आजची तिथी फुकट, पुढच्या वर्षाचे मुहूर्त आणि विजेट पैसे देऊन. शब्दाचा अर्थ फुकट, नेटशिवाय चालणारा पूर्ण कोश पैसे देऊन. पण ‘फुकट आणि जाहिरातींसकट’ हे गरिबाच्या सोयीचं असतं, हे मला मान्य नाही. जाहिरातीचा व्हिडिओ त्याच्याच डेटा पॅकमधून उतरतो, त्याचाच स्वस्त फोन अडखळतो आणि झटपट कर्जाची जाहिरात नेमकी त्याच्यावरच नेम धरून असते. महागड्या फोनवाला वैतागून ॲप काढून टाकतो, एवढाच त्याचा तोटा.

मुलांच्या ॲपबाबत तर मला दुसरा पर्याय दिसतच नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाईची तरतूद आहे. बाराखडी शिकवणाऱ्या ॲपमध्ये जाहिरातीचं जाळं जोडणारा माणूस आपल्या कोडबरोबर दुसऱ्याचा कोडही आत घेतो. तो परका कोड काय गोळा करतो याची पूर्ण माहिती ॲप करणाऱ्याला स्वतःलाही क्वचितच असते. आई-बाप मुलाच्या पाटीला, पुस्तकाला, ड्रॉइंगच्या क्लासला पैसे देतात. बाराखडीच्या ॲपलाही देतील.

खेळांचं गणित निराळं आहे. खेळ आठवडाभर डोक्यात बसतो आणि उतरतो, त्याचं गिऱ्हाईक जगभर असतं. हनोईच्या डोंग न्यूयेनचा फ्लॅपी बर्ड २०१४ च्या सुरुवातीला जाहिरातींवर दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळवत असल्याच्या बातम्या होत्या. असा खेळ दोन डॉलरला विकला असता तर तेवढ्या लोकांपर्यंत गेलाच नसता. त्याच वर्षी थ्रीज हा आकडे जुळवायचा खेळ वर्षाहून अधिक मेहनतीने तयार होऊन पैशांना विकायला आला. महिन्याभरात त्याच्या धर्तीवरचा २०४८, एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने शनिवार-रविवारात केलेला, फुकट पसरला. थ्रीजवाल्यांनाही पुढे जाहिरातींवर चालणारी फुकट आवृत्ती काढावी लागली. खेळ करणाऱ्याने जाहिराती घेतल्या तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण पंचांगाला आणि शब्दकोशाला गेमवाल्यांचा धडा लागू करणं म्हणजे पिठाच्या गिरणीला सिनेमाचं तिकीट लावण्यासारखं आहे.

वर्गणीबद्दल थोडक्यात. ज्या ॲपमागे सर्व्हर चालतो, रोज नवी माहिती भरावी लागते, त्याने वर्षाची वर्गणी घ्यावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले तेव्हा कार्डावरून आपोआप पैसे जाणं बरंच विस्कळीत झालं होतं. आता प्ले स्टोअरवर यूपीआय ऑटोपे चालतं, त्यामुळे ती अडचण राहिली नाही. पण ज्या ॲपमध्ये एकदा भरलेली स्तोत्रं आहेत आणि मागे काहीच चालत नाही, त्याने दरमहा एकोणतीस रुपये मागणं मला पटत नाही. एकदाच घ्यावेत. दोन वर्षांनी खरंच नवं काही भरलं तर त्याचे वेगळे घ्यावेत.

किंमत किती, यावर माझं मत आहे की दहा-वीस रुपयांच्या भानगडीत पडू नये. प्ले स्टोअरवर भारतात दहा रुपयांपर्यंत खाली जायची सोय २०१५ पासून आहे. पण दहा रुपये देणारा आणि नव्व्याण्णव देणारा यांच्यातली उडी छोटी असते. खरी मोठी उडी शून्यापासून पहिल्या रुपयाची असते, आणि ती मारणाऱ्याला दहाच मागून तुम्ही स्वतःचं नुकसान करता. परदेशातल्या मराठी माणसांसाठी देशागणिक वेगळी किंमत ठेवता येते, तिथे तीन-चार डॉलर लावायला संकोच नको.

एवढं सगळं ॲप बाहेर काढण्याआधी ठरवावं लागतं, याला एक रोकडं कारण आहे. प्ले स्टोअरवर एकदा फुकट दिलेलं ॲप नंतर विकत करता येत नाही. विकत असलेलं फुकट करता येतं, उलट नाही. नंतर आतल्या सोयींसाठी पैसे घेता येतात, पण ॲपच विकायचं ठरलं तर नव्या नावाने नवं ॲप टाकावं लागतं आणि जुन्याचे तारे, अभिप्राय, उतरवल्याचे आकडे सगळं मागे राहतं. ‘आधी लोक येऊ देत, मग बघू’ म्हणणाऱ्याने ॲप टाकताना किंमतीच्या रकान्यात जे निवडलं, ते त्या ॲपपुरतं कायमचं असतं.